साहेब, काका आणि हनुवटी: ४३व्या वर्षी बॉक्सिंग शिकायला आलेल्या एका माणसाचं प्रकरण

पाऊस लागून आठवडा झाला असेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या बॉक्सिंगच्या शेडमध्ये संध्याकाळची बॅच चालू होती. पत्र्यावर पावसाचा एवढा मारा की टायमरची बेल ऐकू येत नव्हती. दारात एक गृहस्थ छत्री मिटवत उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. चेहरा ओळखीचा होता. या शेडसाठी मी ज्या शाखेतून कर्ज काढलं, तिथले ते अधिकारी. माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं हप्त्याचं काहीतरी निघालं. टॉवेलला हात पुसत पुढं झालो. "साहेब, तुम्ही इकडं कुठं?"

त्यांनी आत एक नजर टाकली. पंधरा-वीस पोरं दोरीवर उड्या मारत होती. मग हळूच म्हणाले, "मोठी माणसं घेता का?"

"घेतो की. कुणासाठी?"

"माझ्यासाठीच."

वय ४३, वजन ८८ किलो, उंची साधारण पाच फूट सात इंच. रक्तदाब १३८/८८, म्हणजे गोळी सुरू करायच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय मी चाळिशीपुढच्या कुणाला घेत नाही, तशी त्यांनी दुसऱ्याच दिवशी आणली. नाव इथं देत नाही, ते त्यांच्याच सांगण्यावरून. पहिला खर्डा मी त्यांना वाचायला दिला होता. त्यांनी दोन दुरुस्त्या केल्या. एक वजनाची, मी ९० लिहिलं होतं. दुसरी पुढं येईल.

बॅचमधली पोरं त्यांना पहिल्या दिवसापासून काका म्हणायला लागली. मी मात्र साहेब म्हणत राहिलो. मी ३१ वर्षांचा, ते बारा वर्षांनी मोठे, आणि वर ते कर्ज. त्यांनी शेडमध्ये कर्जाचा विषय एकदाही काढला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो विषय माझ्याच डोक्यात होता.

हे लिहायचं कारण एवढंच की मोठ्या माणसाला बॉक्सिंग शिकवताना घोळ त्याच्या दमसासात किंवा गुडघ्यात होतो असं मला वाटायचं. या प्रकरणात तो माझ्या जिभेत होता.

कोल्हापुरात बॉक्सिंग शिकवणाऱ्याला एक प्रश्न ठरलेला असतो: "कुस्ती सोडून हे काय?" मी त्यावर चिडत नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं खासबाग मैदान १९१२ पासून उभं आहे, मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींची नावं पत्त्यासारखी सांगितली जातात, आणि १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझ मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांचं नाव घराघरात घेतलं जातं, तिथं असं विचारणारच. भारताला बॉक्सिंगचं पहिलं ऑलिंपिक पदक त्यानंतर ५६ वर्षांनी आलं, २००८ मध्ये बीजिंगला, विजेंदर सिंगचं. मग २०१२ ला मेरी कोम, मग टोकियोत लवलीना. तोवर इथल्या आजोबांच्या लेखी बॉक्सिंग म्हणजे टीव्हीवरची मारामारी.

काकाही त्याच मातीतले. पंधरा-सोळाव्या वर्षी दोन वर्षं तालमीत होते. मग बारावी, मग कॉमर्स, मग बँकेची परीक्षा. सत्तावीस वर्षांत एक बैठक मारली नव्हती, पण तालीम अंगातून गेली नव्हती, आणि पहिला महिना आम्ही तिच्याशीच झुंजलो.

त्यांना म्हटलं उभे राहा, की ते कुस्तीला उभे राहायचे. गुडघे वाकलेले, कंबरेतून पुढं झुकलेले, डोकं सगळ्यात पुढं, पंजे उघडे, नजर समोरच्याच्या कंबरेवर. कुस्तीत हे बिनचूक आहे. समोरचा पट काढायला येणार, त्याला पाय मिळू द्यायचा नाही. बॉक्सिंगमध्ये पायाला कुणी हात लावत नाही, आणि जे डोकं तालमीत ढाल असतं तेच इथं निशाण होतं. पाठ सरळ, हनुवटी छातीकडं, डावा पाय पुढं, उजवी टाच किंचित वर, वजन दोन्ही पायांवर जवळपास सारखं. सांगायला दहा सेकंद लागतात. काकांच्या उजव्या टाचेला जमीन सोडायला तीन आठवडे लागले. मी टाचेखाली खडूचा तुकडा ठेवायचो. राऊंड संपला की त्याची भुकटी झालेली असायची.

बेल वाजली की ते नकळत मांडीवर थाप मारून शड्डू ठोकायचे. पोरं खूश. ते मी मोडलं नाही. सगळंच मोडायला गेलं तर माणसाजवळ काय राहील?

आरशाचा प्रकार वेगळाच. शॅडो बॉक्सिंग, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारत सराव, आरशासमोर करायचा असतो. बारा वर्षांचं पोरगं आरशात स्वतःला असं बघतं की जणू हिरोच. मोठा माणूस बघतच नाही. काका जमिनीकडं बघायचे, छताकडं बघायचे, टायमरकडं तर सारखे. एकदा म्हणाले, "सर, आरशात पोट आधी दिसतंय आणि हात नंतर." मी हसलो, पण माझ्या अनुभवात बहुतेक मोठी माणसं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गळतात ती दमून नाही, आरशामुळं. ऑफिसात ज्याला चार माणसं विचारून काम करतात, त्याला इथं दोरीवर सलग दहा उड्या जमत नाहीत, आणि शेजारी सातवीतली पोरगी दोनशे मारते. काकांना मी आरशापासून हलवून भिंतीकडं तोंड करून उभं केलं. भिंतीवर खडूने डोळ्याच्या उंचीला टिंब काढलं आणि जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, तिथपर्यंत नेऊन परत हनुवटीला आणायचा, एवढंच काम दिलं. आरसा दीड महिन्याने परत आला.

दम. पहिल्या दिवशी तीन राऊंडमध्ये ते भिंतीला टेकले. तीन मिनिटांचा राऊंड आणि एक मिनिट विश्रांती, हे माप १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांपासून चालत आलंय. नवख्याला मी दोन मिनिटांचाच देतो. तरी ते टेकले. बाहेरून बघणारा म्हणेल, वय. वय होतंच, पण खरं कारण मला चौथ्या दिवशी कळलं, जेव्हा मी त्यांच्या तोंडाजवळ कान नेला. ते श्वास घेतच नव्हते. प्रत्येक ठोशाला दात आवळून श्वास कोंडायचा, चार ठोसे झाले की तोंड उघडून हापसायचं. कुस्तीत पकड घट्ट असताना माणूस असाच कोंडतो. रक्तदाब उंबरठ्यावर असलेल्या माणसाने असं जोर लावताना श्वास कोंडणं तसंही बरं नाही, तेवढ्या वेळापुरता दाब उसळतो. म्हणून प्रत्येक ठोशाला नाकातून किंवा दातांच्या फटीतून "सस्" असा आवाज काढायला लावला. आवाज आला नाही तर ठोसा मोजायचा नाही. पहिले दोन दिवस त्यांना लाज वाटली. तिसऱ्या दिवशी ते पाच राऊंड टिकले. वजन तेच, वय तेच.

वर्तमानपत्रात येतं ते २२० वजा वय असलं नाडीचं गणित मी शेडमध्ये वापरत नाही. तो सरासरीचा आकडा आहे, माणसागणिक बराच मागंपुढं होतो. राऊंड चालू असताना मी विचारतो, "आज जेवायला काय?" पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर चालू द्यायचं, नुसतं "भा...करी" आलं तर थांबवायचं.

आता मनगट.

चौथ्या आठवड्यात त्यांना ठोसे मारायच्या टांगत्या बॅगवर सोडलं. आमची मोठी बॅग कॅनव्हासची, इथंच शिवून घेतलेली, चौकट उद्यमनगरातल्याच एका फॅब्रिकेटरने वेल्ड करून दिलेली. आत चिंध्या, आणि वजन यावं म्हणून मी मधोमध वाळूच्या दोन पिशव्या घातल्या होत्या. अशी बॅग वर्ष-दीड वर्षात बसते. वाळू खाली सरकते, चिंध्या दबतात. वरचा भाग उशीसारखा मऊ आणि खालचा तिसरा हिस्सा पोत्यातल्या सिमेंटसारखा. मुरलेला खेळाडू खाली मारताना आपोआप हात आवरतो, कारण एकदा त्याला लागलेलं असतं. नवखा नेमका खाली मारतो, कारण त्याचा हात दमून खाली आलेला असतो.

८८ किलोचा माणूस, खांद्यात बँकेच्या खुर्चीने न खाल्लेली ताकद, वजन पुढच्या पायावर, आणि मनगट सत्तावीस वर्षं फक्त सह्या करणारं. उजवा हात खाली आला, मूठ आतल्या बाजूला वळली आणि मार तर्जनी-मध्यमेच्या हाडांवर बसायच्या ऐवजी करंगळीच्या बाजूला बसला. तो आवाज मला माहीत आहे. "धाड" नाही, ओल्या लाकडासारखा "कट्".

करंगळीच्या मागचं हाड मानेपाशी मोडतं त्याला बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणतात. नाव अन्यायाचं आहे. तालमीत शिकलेल्या बॉक्सरपेक्षा रागाच्या भरात भिंतीवर मूठ मारणाऱ्याला ते जास्त होतं. काकांचा एक्स-रे नीट आला, नुसती मुरगळ. तीन आठवडे उजवा हात बंद.

मोठ्या माणसाची खरी अडचण तेव्हा माझ्या नीट लक्षात आली. पोराच्या अंगात ताकद आणि सांधे बरोबरीने वाढतात. त्याचा ठोसाच एवढा हलका असतो की चुकला तरी फारसं बिघडत नाही, आणि चुका करत करत तो शिकतो. मोठ्या माणसाजवळ ताकद पहिल्या दिवशी हजर असते. स्नायू दोन महिन्यांत आणखी तयार होतात, सांध्यांचे बंध मात्र त्यांच्या मागून सावकाश येतात. म्हणून त्याला जोरात मारायला शिकवायचंच नाही. हळू मारायला शिकवायचं, आणि ते फार अवघड जातं, कारण तो आलेलाच असतो दिवसभराचं काहीतरी बाहेर काढायला.

आणखी एक गोष्ट मला दिसली होती आणि मी बोललो नव्हतो. काकांच्या हातावरची पट्टी. साडेचार मीटरची पट्टी अंगठ्यात अडकवून मनगटाला तीन वेढे, मुठीवर तीन, बोटांच्या फटींतून, मग परत मनगटाला, असा क्रम असतो. ते मनगटाला एकच सैल वेढा देऊन सगळी पट्टी मुठीवर गुंडाळायचे. दिसायला फुगीर, मनगटाला आधार शून्य. पोराच्या हातावर असं दिसलं असतं तर मी "अरे गाढवा, सोड ती" म्हणून स्वतः बांधून दिली असती. त्यांना म्हणालो, "साहेब, पट्टी जरा बघून घ्या हं." त्यांनी बघितली. त्यांना ती चांगलीच दिसली.

वस्तादाला हे कोडं पडत नाही. तालमीत वस्ताद म्हणजे वस्ताद, समोर आमदार असला तरी "पाय कुठं टाकतोयस" असंच येतं. माझ्यासारख्या भाड्याच्या शेडमधल्या, फी घेऊन शिकवणाऱ्या पोरसवदा कोचला ते आसन नसतं. मराठीत मोठ्याला आज्ञा देताना क्रियापदाला झालर लावावी लागते. हात वर ठेवा, जरा वर घ्या, वर घेतलात तर बरं. तोवर ठोसा येऊन गेलेला असतो.

खुराकाचं एका ओळीत सांगतो. त्यांनी जुन्या आठवणीने गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध आणि घरी बदामाची थंडाई सुरू केली, दोन महिन्यांत दीड किलो वाढले, मग बंद केली.

नवव्या आठवड्यापासून त्यांचं एकच टुमणं: "सर, स्पारिंग कधी?"

स्पारिंग म्हणजे जोडीदारासमोर उभं राहून लढायचा सराव. हे सगळेच विचारतात. सतरा वर्षांच्या पोराला मी सांगतो, अजून चार महिने तोंडातून तो शब्द काढायचा नाही. त्यांना म्हणालो, "बघू की साहेब." दुसऱ्यांदा, "घेऊ पुढच्या आठवड्यात." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो पुढचा आठवडा आला होता. अकरावा.

त्यांना स्पर्धेत उतरायचं नव्हतं आणि येतही नव्हतं. मोठ्यांच्या गटाची वयोमर्यादा १९ ते ४० आहे. म्हणजे डोक्याला मार खायची त्यांना खेळाच्या दृष्टीने काही गरज नव्हती. हे मी तेव्हा मोठ्याने म्हटलं असतं तर पुढचं प्रकरण घडलंच नसतं.

समोर दिला लेथवर काम करणारा एक २४ वर्षांचा पोरगा, सात महिने शिकलेला, ७२ किलो. १६ औंसचे ग्लोव्ह्ज, हेडगार्ड, तोंडात गमशील्ड, दोन मिनिटांचे तीन राऊंड. दोघांना सांगितलं, पन्नास टक्के जोर. ही माझी दुसरी चूक. पन्नास टक्के म्हणजे किती हे कळायला तीन-चार वर्षं लागतात. नवख्याकडं दोनच गिअर असतात, न्यूट्रल आणि टॉप. नवख्यासमोर नवखा कधी द्यायचा नसतो. मुरलेला द्यायचा, जो मार थांबवू शकतो. त्या दिवशी मुरलेला कुणी शेडमध्ये नव्हता आणि साहेबांना परत "पुढच्या आठवड्यात" म्हणायला माझी जीभ रेटेना.

पहिला राऊंड चांगला गेला. काकांचे जॅब सरळ जात होते, "सस्" ऐकू येत होतं. दुसऱ्याच्या मध्यावर ते "सस्" बंद झालं. मी ते ऐकलं, म्हणजे बंद झालेलं ऐकलं. दहा सेकंदांनी त्यांचे हात खाली आले आणि दमलेल्या माणसाचं शरीर जे करतं तेच त्यांच्या शरीराने केलं: जुन्या घरी परत गेलं. कंबरेत वाकले, डोकं पुढं, नजर समोरच्याच्या कंबरेवर. कुस्ती. पोराचा उजवा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, निघालेलाच होता. तो कानशिलावर बसला.

पडले नाहीत. एक पाऊल बाजूला गेलं, दोरखंडाला हात लावला, परत उभे राहिले. मी राऊंड थांबवला. "साहेब, बरं वाटतंय ना?" "एकदम. काही नाही." ते स्टुलावर बसले, हेडगार्ड काढलं, पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "दुसरा राऊंड घेऊया ना आता?"

दुसरा राऊंड आत्ताच झाला होता.

मी हसलो. मला वाटलं त्यांना अजून खुमखुमी आहे. हे वाक्य लिहिताना आजही माझे कान तापतात. "आज बास साहेब" म्हटलं आणि ते स्वतःच्या गाडीवर, भर पावसात, एकटे घरी गेले.

रात्री साडेदहाला काकूंचा फोन आला. दोनदा उलटी झाली, ट्यूबलाइटचा उजेड सहन होत नाही, मुलाला एकच गोष्ट तीनदा विचारली. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, मी येतोच. तिथं काकू माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या. आवाज चढवला नाही. "भाऊ, तुम्ही शिकवता ना? मग त्यांना गाडीवर एकटं सोडलंत कसं?"

सीटी स्कॅन स्वच्छ आला. तिथं आणखी एक गैरसमज होता, तो नातेवाइकांचा: स्कॅन चांगला म्हणजे काही झालंच नाही. स्कॅन रक्तस्राव किंवा हाड मोडलंय का ते बघायला असतो. मेंदूला बसलेला हिसका, ज्याला डॉक्टर कंकशन म्हणतात, त्यात दिसत नाही. तो दिसतो वागण्यात. राऊंड विसरणं, उलटी, उजेड नकोसा होणं, तेच तेच विचारणं. सगळं समोर होतं.

हेडगार्ड घातलं होतं ना, असं त्या रात्री तिघांनी विचारलं. घातलं होतं. हेडगार्डने भुवई फुटत नाही, कान सोलपटत नाही. कवटीच्या आत मेंदू हलतो तो थांबत नाही. ऑलिंपिकमध्ये १९८४ पासून हेडगार्ड सक्तीचं होतं आणि २०१६ च्या रिओत पुरुषांच्या लढती ते न घालता झाल्या. आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्येच मोठ्या पुरुषांसाठी ते काढलं होतं. त्या निर्णयावर वाद आहेत आणि असू देत. पण हे सगळं मला पाठ असूनही रिंगबाहेर उभा असताना मी मनात "हेडगार्ड आहे की" असंच म्हणत होतो.

परतीचा रस्ता सावकाश होता. पहिले दोन दिवस घरीच, मोबाइल-टीव्ही जवळपास बंद. तिसऱ्या दिवसापासून रंकाळा तलावावर हळू चालणं. आता डॉक्टर आठवडाभर अंधाऱ्या खोलीत झोपवत नाहीत, पहिल्या २४ ते ४८ तासांनंतर हलका व्यायाम सुरू करायला सांगतात. मात्र पायऱ्या ठरलेल्या: चालणं, मग जरा दम लागेल असा व्यायाम, मग खेळाच्या हालचाली धक्क्याशिवाय. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस, त्रास वाढला तर एक पायरी मागं, आणि डॉक्टरांच्या लेखी होकाराशिवाय अंगाला मार नाही. आम्ही याच्याही दुप्पट हळू गेलो. नवव्या दिवशी दोरी हातात घेतली आणि विसाव्या उडीला डोकं ठणकलं, कारण उडीत डोक्याला प्रत्येक वेळी हिसका बसतो. दोरी बंद, एका जागेवरची सायकल सुरू. सोळाव्या दिवशी शॅडो जमलं, पण डोकं बाजूला काढून ठोसा चुकवायचा, म्हणजे स्लिप करायचा, तर गरगरलं. चार आठवड्यांनी न्यूरोच्या डॉक्टरांनी बॅग आणि पॅडला, म्हणजे समोरच्याने हातात धरलेल्या गादीवर ठोसे मारायला, परवानगी दिली.

आता ती दुसरी दुरुस्ती. खर्ड्यात मी लिहिलं होतं, "त्यांना त्या वेळी काही जाणवलं नाही." काकांनी ते खोडून बाजूला निळ्या पेनाने लिहिलं: "डोकं दुखत होतं. तुम्हाला सांगितलं नाही. पोरं बघत होती." म्हणजे मी त्यांना टोकू शकत नव्हतो आणि ते मला सांगू शकत नव्हते. एका शब्दाच्या दोन बाजूंना दोघं उभे.

परत आले त्या दिवशी मी सवयीने म्हटलं, "या साहेब, बसा." ते बाकावर बसून पट्टी बांधायला लागले. शेजारी माझ्याकडची एक १४ वर्षांची पोरगी, गॅरेजवाल्याची मुलगी, स्वतःची बांधत होती. तिने मान वळवून बघितलं आणि म्हणाली, "काका, चुकलंय. मनगटाला आधी." त्यांनी काही न बोलता पूर्ण सोडली. तिने हात धरून बांधून दिली, दोन मिनिटांत, अगदी घट्ट. बोटं निळी पडतील की काय असं मला वाटलं.

जे मला अकरा आठवड्यांत जमलं नव्हतं ते तिला जमलं, कारण ती काकांशी बोलत होती आणि मी बँकेशी. काकाला पुतणी टोकते, त्यात काकाची पत जात नाही. त्या दिवसापासून मीही काका म्हणतो. बारा वर्षांच्या फरकाला खरं तर दादा शोभलं असतं, पण शेडमध्ये एका माणसाला दोन नाती परवडत नाहीत. आणि राऊंड चालू असताना क्रियापद वापरतच नाही. "हनुवटी." "टाच." "श्वास." नामाला अहो-जाहो नसतं.

त्यांच्यासाठी डोक्यावरचं स्पारिंग कायमचं बंद आहे. डॉक्टर तीन महिने म्हणाले होते, कायमचं हे मी म्हणालो, आणि यावेळी झालर लावली नाही. त्याऐवजी आम्ही खांद्याला शिवायचा खेळ खेळतो. समोरासमोर उभं राहून, उघड्या हाताने समोरच्याच्या खांद्याला किंवा गुडघ्याला शिवायचं, आपल्याला शिवू द्यायचं नाही. पाय, अंतर, नजर, सगळं त्यात येतं, फक्त मार येत नाही. दुसरा एक सराव असा की एकाने फक्त जॅब मारायचा, दुसऱ्याने फक्त चुकवायचा, आणि जॅब ग्लोव्हभर अलीकडं थांबवायचा. स्पारिंगशिवाय बॉक्सिंग म्हणजे मिठाशिवाय जेवण, असं म्हणणारे माझे मित्र आहेत. असतील. ज्याला सकाळी दहाला काऊंटरच्या मागं बसून दुसऱ्याचे आकडे तपासायचे आहेत, त्याला अळणीच वाढावं असं माझं मत झालंय.

बाकीच्यांना मार बसला की आता मी "बरं वाटतंय का" विचारत नाही. त्याला सगळे होच म्हणतात. मी विचारतो, कितवा राऊंड चालू आहे, शेवटी काय शिकवलं, येताना कुणाबरोबर आलास. एक जरी उत्तर अडखळलं तरी त्या दिवशीचं काम बंद, घरी एकट्याने जायचं नाही, आणि घरच्यांना फोन माझ्याच मोबाइलवरून.

काकांना येऊन आता आठ महिने झाले. मंगळ, गुरू, शनि. वजन ८३. रक्तदाबाचं ते आणि त्यांचे डॉक्टर बघतात. दोनशे सोडा, सलग साठ उड्या मारतात. उजवी टाच वर राहते. दमले की अजूनही डोकं पुढं येतं, ते बहुधा कधीच पूर्ण जाणार नाही. पॅड धरायला त्यांना तीच पोरगी लागते, कारण ती सोडत नाही.

गेल्या रविवारी आम्ही बॅग उसवली. वाळूच्या पिशव्या काढून टाकल्या. एक फुटलेलीच होती. नवं भरण म्हणून काकूंनी जुन्या साड्यांचं गाठोडं पाठवलं, त्यावर निरोप: जरीचे काठ कापून घ्या, हाताला लागतील. दुपारभर आम्ही चौघं काठ कापत बसलो. भरल्यावर शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर वजन केलं, ३६ किलो. टांगली, शिवणीच्या बाजूने खडूने आडवी रेघ मारली, तिच्याखाली मारायचं नाही म्हणून. पहिला ठोसा काकांनी मारला. हळू, वरच्या अर्ध्यात, "सस्" सकट. बॅगेने "टप्प" असा आवाज केला आणि मागून पोरगी ओरडली, "काका, हनुवटी."